एक किलो ऐंशी ग्रॅम

२८ सप्टेंबर, रविवार

ऑफिसने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. मधले नऊ महिने कोरे गेले, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. संकल्प: रोज लिहायचं. खरं लिहायचं.

आज मोठं काम उरकलं. आसावरीला नवा लॅपटॉप आणला. ती बरोबर येणार होती, पण तिला देवनहळ्ळीला साइटवर मापं घ्यायला जावं लागलं. म्हणाली, तूच घेऊन ये, आयटीत आहेस, तुला कळतं. काय काय हवं त्याची यादी पीडीएफ करून पाठवली होती. उघडली नाही. दुकानात रेंज नव्हती. (तळमजल्यावर नव्हती. वर होती.)

तसंही, बारा वर्षं प्रोग्रॅम मॅनेजर असलेल्या माणसाला लॅपटॉप यादीवरून घ्यायची गरज नसते. हातात घेतला की कळतं. हा मी दोन बोटांनी उचलला. एक किलो ऐंशी ग्रॅम. मिटला की ताटलीएवढा जाड. विक्रेत्याने विचारलं, काम काय करणार. म्हटलं, बायको घरांची ड्रॉइंग करते, थ्रीडी वगैरे. तो म्हणाला, मग सर, त्या बाजूचे काळे बघा. बघितले. पाटे-वरवंटे मांडून ठेवल्यासारखे होते. म्हटलं, बिल याचंच करा.

जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. पावणेतीन किलोचं धूड. सुटलो.

आसावरीने विचारलं, यादीप्रमाणे मिळाला का? मी म्हटलं, त्याच्याहून वरचा.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

इथे कन्नड मुलखात सगळे आयुधपूजा म्हणतात. खाली पार्किंगमध्ये आमच्या वॉचमनने, बसवंतने, प्रत्येक गाडीपुढे कोहळा फोडला. घरात आसावरीने पाटावर तिची टेप, मोजपट्टी, विळी, स्कूटरची किल्ली मांडली. मला विचारलं, तुझं आयुध काय? खूप विचार केला. शेवटी आयकार्ड ठेवलं.

मधोमध नवा लॅपटॉप, उघडून. त्याला हळद-कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. तिने हात जोडले आणि म्हणाली, सात वर्षांनी पहिलं पूर्ण घर मिळतंय, सांभाळून घे. हे लॅपटॉपला म्हणाली की देवीला, कळलं नाही. मला नक्कीच नाही.

घर हयवदनरावांचं. देवनहळ्ळीच्या एका नव्या लेआउटमध्ये तीन मजली बांधतायत. आतलं सगळं काम आसावरीला द्यायच्या विचारात आहेत, ड्रॉइंग आवडलं तर. आजवर तिने इथे लोकांची कपाटं आणि टीव्हीची युनिटं काढली. पुण्यात ती चांगल्या ऑफिसात होती. माझी बदली झाली म्हणून सोडलं. मी आग्रह केल्याचं आठवत नाही. खोकी बांधायला चिकटपट्टी मात्र मीच आणली होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तिचं सॉफ्टवेअर टाकलं. उघडायला चार मिनिटं लागली. म्हटलं, नवा आहे, बुजतोय. सरावेल.

५ ऑक्टोबर, रविवार, दुपार

पंखा चालू झाला. येलहंक्यात राहायला आल्यापासून हवाई तळावरच्या विमानांची सवय आहे, म्हणून बघायला गॅलरीत गेलो. आकाश मोकळं होतं. आवाज डायनिंग टेबलावरून येत होता.

निरीक्षणं: मेल झकास चालतो. मेल आणि ड्रॉइंग एकदम उघडलं की तापतो. ड्रॉइंगमध्ये भिंत सरकवली की आधी बाण सरकतो, मग आपण एक घोट चहा घ्यायचा, मग भिंत सरकते. आसावरीला सांगितलं, वायफायचा प्रॉब्लेम आहे. तिने वायफाय बंद करून भिंत सरकवून दाखवली. चहा संपला.

कारणं नंतर शोधू. यंत्रात दोष नाही, हे नक्की. दिसायलाच किती सुंदर आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज आसावरीने बिचकत विचारलं, पूजेच्या दिवशी अक्षता कीबोर्डवर पडल्या होत्या, त्यातली एखादी आत तर गेली नसेल?

मी म्हटलं, शक्य आहे.

एवढंच बोललो. हे खोटं नाही. जगात पुष्कळ गोष्टी शक्य असतात.

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, माझंच चुकलं, मिटून ठेवायला हवा होता. म्हटलं, जाऊ दे, भक्तीत होतं असं. मी मोठ्या मनाने घेतलं, याचं तिला बरं वाटलेलं दिसलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आसावरी रोज सकाळी रंगाच्या बारीक ब्रशने कीबोर्ड झाडते. मग लॅपटॉप पालथा धरून हळूच थोपटते, तान्ह्या मुलाला ढेकर काढायला थोपटतात तसा. काही पडत नाही. मी पेपर तोंडासमोर धरून बसतो. आज एकच बातमी तीनदा वाचली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कामाला लागलो. उपाय केले. बुडाला पंखे असलेला स्टँड आणला. लॅपटॉपला भोकं दोनच, म्हणून चार भोकांचा डबा आणला. जागा कमी, म्हणून बाहेरची डिस्क. जुन्याचा चार्जर चालत नाही, म्हणून जास्तीचा चार्जर. सगळं एका पिशवीत भरलं. आसावरी आंघोळीला गेल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. लॅपटॉपसकट तीन किलो साठ.

काटा बिघडलेला असू शकतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज यादी उघडली. सहज.

सात मुद्दे आहेत. पहिल्या सहांत मेमरी किती, ग्राफिक्स कार्ड कुठलं, पंखे किती, सगळं नीट लिहिलंय. पुण्याच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून लिहिलेलं दिसतंय. आमच्या लॅपटॉपमध्ये सहापैकी एकही नाही. सातवा मुद्दा असा: वजन कितीही असू दे. मी कुठे तो घेऊन डोंगर चढणार आहे?

फोन पालथा ठेवला.

संकल्प: सांगून टाकायचं. साधं वाक्य आहे. यादी वाचलीच नव्हती, चूक माझी. दोन श्वासांत संपतं. बुधवारी सांगतो. सोमवार-मंगळवार ऑफिसात रिव्ह्यू आहेत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सांगायला गेलो. ती आईशी फोनवर बोलत होती. दारात थांबलो. सांगत होती की लॅपटॉप माझ्याच हाताने बिघडला, पण पुरुषोत्तम एका शब्दाने बोलला नाही. इतके महाग महाग भाग आणून जोडतोय बिचारा. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, देवमाणूस आहे. स्पीकर चालू होता.

चौदा वर्षांत सासूबाईंनी माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. अशा वेळी मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. परत फिरलो. आपोआप दोघांसाठी चहा ठेवला. तिने चहाबद्दलही थँक्यू म्हटलं.

खरं सांगायचं तर घशाखाली उतरला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते घशाबद्दलच असावं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हयवदनरावांकडे ड्रॉइंग दाखवायचा दिवस. मीही गेलो. लॅपटॉप मी उचलला, पिशवी आसावरीने. लिफ्टमध्ये लक्षात आल्यावर अदलाबदल केली.

हयवदनराव बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या घरी तीनशे वर्षांपासून मराठी बोलतात, पण ती आपल्याला अर्धीच कळते. त्यांच्या पत्नी अहल्याबाई समोरच खुर्ची ओढून बसल्या. त्यांना फक्त स्वयंपाकघर बघायचं होतं, बाकी घर यजमानांचं आहे म्हणाल्या.

सुरुवात छान झाली. पडद्यावर दार उघडलं, हॉल दिसला, देवघर दिसलं. हयवदनराव म्हणाले, चंद आहे की. म्हणजे सुंदर. मग आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचलो आणि तिथेच उभे राहिलो. गोल चक्र फिरायला लागलं. अहल्याबाई पुढे वाकून बघत होत्या. पंखे सुटले. अकरा मिनिटं मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. कॉफी दोनदा आली.

आसावरीचे कान लाल झाले होते. तिने हात जोडून सांगितलं, माफ करा, पूजेत माझ्या हातून यात अक्षता सांडल्या, तेव्हापासून असं होतंय. सात वर्षांनी पहिल्या मोठ्या कामासाठी आलेली बाई परक्यांच्या हॉलमध्ये एका तांदळाच्या दाण्याची माफी मागत होती. हयवदनराव म्हणाले, असू दे अक्का, देवाचं केलेलं वाया जाईत नाही, स्वल्प सावकाश करा. दिवाळी झाल्यावर परत या. मग जरा थांबून म्हणाले, होसकोट्याचा एक माणूस पण ड्रॉइंग देतो म्हणालाय, त्याला आम्ही अजून सरी म्हटलं नाही. सरी म्हणजे हो.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण त्यात कॉफी होती.

आमच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवल्यावर ती म्हणाली, सॉरी, तू इतक्या हौसेने आणलेली वस्तू मी घालवली.

मी म्हटलं, होतं असं.

वरचं वाक्य आत्ता पुन्हा वाचलं. माझंच आहे. अक्षरही माझंच.

१९ ऑक्टोबर, रविवार

झोप नीट नाही. ॲसिडिटी असावी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनाला आसावरीने लॅपटॉप पाटावर ठेवला नाही. लांब कपाटावर ठेवला आणि लांबूनच नमस्कार केला.

तिला ओवाळणी म्हणून... ओवाळणी भाऊ घालतो. पण काहीतरी द्यावंसं वाटत होतं. कीबोर्डवर पसरायचं सिलिकॉनचं पातळ कव्हर आणून दिलं, म्हणजे पुढे काही आत जायला नको. तिने घेतलं, बराच वेळ हातात धरलं, डोळे भरून आले तिचे. मी मोजे आणायला आत गेलो. मोजे पायातच होते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

तिने परस्पर एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. गुरुप्रसाद नाव. रविवारी घरी येऊन लॅपटॉप उघडणार, दाणा काढणार. मी म्हटलं, उघडला तर वॉरंटी जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. म्हटलं, मीच बघतो ना. ती म्हणाली, तू किती करशील?

विचार केला. एक दाणा आधीच आत टाकून ठेवता येईल का? बाजूच्या फटीतून जाईल असा बासमतीचा तुकडा शोधला. सापडलासुद्धा. चिमटीत धरून पाच मिनिटं उभा होतो. मग डब्यात परत टाकला.

आज तेवढी एक गोष्ट बरी केली. तिची नोंद असावी.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उद्या गुरुप्रसाद येण्याआधी सांगायचं. नक्की. नाश्त्याच्या वेळी.

२६ ऑक्टोबर, रविवार

नाश्त्याला पोहे होते. गरम होते. थंड झाल्यावर सांगू म्हटलं. गुरुप्रसाद दहाचं सांगून साडेनऊला आला. या शहरात कुणी वेळेआधी आल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याने टेबलावर पांढरं फडकं पसरलं. बारीक स्क्रू एकेक काढून आसावरीने दिलेल्या वाटीत ठेवले. ती ऑपरेशन थिएटरबाहेर उभं राहावं तशी हात घट्ट धरून उभी होती. त्याने बूड उचललं. टॉर्च मारला. ब्रश फिरवला. मग कन्नडमध्ये म्हणाला, आत काही नाही, अक्का. तिला पटेना म्हणून हिंदीत सांगितलं: एक दाणा नाही, धूळसुद्धा नाही, इतकं स्वच्छ मशीन मी बघितलं नव्हतं.

ती म्हणाली, मग हे असं का होतं? त्याने विचारलं, काम काय करता. तिने सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. तो कसंनुसं हसला. म्हणाला, मशीनची काही चूक नाही. मेलला चांगलं आहे, पिक्चर बघायला चांगलं आहे. या कामाला हे कधीच चालणार नव्हतं. पहिल्या दिवसापासून. आणि मग त्याने विचारलं, हे घ्यायला तुम्हाला सांगितलं कुणी?

माझं वाक्य बारा तारखेपासून तयार होतं. पाठ होतं. मी खुर्चीची पाठ धरली.

आसावरी म्हणाली, दुकानवाल्याने. यांनी त्याला माझी यादी दाखवली होती, तरी त्याने हाच गळ्यात मारला.

हे ती वाटीतल्या स्क्रूंकडे बघून बोलली. चौदा वर्षांत तिला खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. शेजाऱ्यांना साखर नाही म्हणायचं असलं तरी ते काम माझ्याकडे असतं. आज न अडखळता बोलली, परक्या माणसासमोर, माझ्यासाठी. बोलून झाल्यावर थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, पण थांबली. पुरेसा वेळ थांबली.

गुरुप्रसाद माझ्याकडे वळून म्हणाला, दुकानवाले असेच असतात सर, विश्वास ठेवायचा नाही.

मी म्हटलं, अगदी बरोबर.

ती आत गेली. त्याच्यासाठी पोहे घेऊन बाहेर आली. त्याने ते खाऊन स्क्रू बसवले.

नऊ नोव्हेंबरला हयवदनरावांकडे परत जायचं ठरलंय. ती एकटी जाईन म्हणाली. हा लॅपटॉप तू वापर, तुला आवडतो, असंही म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर मी लगेच सगळं सांगितलं असतं.

गुरुप्रसाद निघताना तिने त्याला विचारलं, मला नवा घ्यायचा आहे, मदत कराल का? तो म्हणाला, काय काय पाहिजे ते सांगा. तिने फोन काढून त्याला यादी पाठवली. त्याने एका हाताने चपला चढवत, दारातच उभ्या उभ्या, ती सातव्या मुद्द्यापर्यंत वाचली.