हसनच्या जागी

शुक्र. ५ फेब्रुवारी १९६५, देरा, दुबई

हसन खोत गेला. माझ्याच खोलीत बसून ईदचा शिरखुर्मा खाल्ला आणि वाटी खाली ठेवताना म्हणाला, "मास्तर, मी शिपिंगवाल्यांची टीम घेतोय. कोच म्हणून." चार वर्षं माझा असिस्टंट. शेवटची दोन वर्षं लागोपाठ कप. मी म्हटलं, जा बाबा, बरं झालं. आणखी काय म्हणणार? पाय धरू त्याचे?

कारण विचारलं नाही. ठाऊक आहे. गेल्या वर्षीचा कपाचा फोटो ऑफिसात लावलाय, खाली 'कोच: श्री. मुकादम' एवढंच. त्याचं नाव घालायला जागा नव्हती. म्हणजे होती थोडी. फोटोवाल्याने माझंच नाव एवढं मोठं काढलं, त्याला मी काय करू.

शनि. ६

प्रिन्सिपॉलला सांगितलं. (यापुढे प्रि. या माणसावर जास्त शाई घालवायची नाही.) आमचं 'कॉलेज' म्हणजे दोन खोल्या, नऊ टाइपरायटर, त्यांतल्या तीन यंत्रांचा ई मोडलेला. धक्क्यावरचे आणि पेढ्यांवरचे कारकून संध्याकाळी टायपिंग नि बुककीपिंग शिकायला येतात. पाटीवर कॉलेज लिहिलंय म्हणून हा प्रिन्सिपॉल, आणि मी हिशेब शिकवतो म्हणून मास्तर. खरी आहे ती फक्त टीम. खाडीच्या दोन्ही बाजूंना आम्हांला कुणी ओळखत असेल तर फुटबॉलमुळे.

प्रि. म्हणाला, "अरे, खोत गेला? मग आता कप कोण आणणार?"

माझ्या तोंडावर. मी समोर उभा, हातात हजेरी.

मंगळ. ९

हसनच्या जागी माणूस आला. मी चार नावं दिली होती, चारही गेली कचऱ्यात. आला कोण, तर नझीर पारकर. प्रि.च्या मेहुण्याचा मेहुणा. मागच्या बोटीने मुंबईहून उतरला. बी.ए. तिकडे कॉलेजच्या टीमचा कॅप्टन होता म्हणे. तिकडून येणारा प्रत्येक जण कशाचा तरी कॅप्टनच असतो.

गळ्यात शिटी. पायांत पांढरे बूट. इथे वाळूत घोटाभर पाय रुततो आणि हे पांढरे बूट.

शुक्र. १२

प्रॅक्टिस. पारकर (पा.) वर्गातला फळा उचलून ग्राउंडवर घेऊन आला. खडूने गोल काढले, बाण काढले. मग वारा सुटला आणि फळा गोलकीपर सालेमच्या पायावर पडला. सालेम अरबीत जे बोलला ते लिहीत नाही.

पा. ओरडतो इंग्लिशमध्ये. "मॅन ऑन! ओव्हरलॅप!" आमचा बॅक मुराद बलुची आहे, वखारीत गोणी मोजतो. तो माझ्याकडे बघतो, मी आभाळाकडे बघतो.

हसनचं सगळं कोचिंग चार शब्दांत होतं. धर, सोड, मागे, सर. आपले गावचे शब्द, आपण बैलाला नि भावाला सारखेच घालतो ते. मुराद, सालेम, कुणाला मराठीतला म माहीत नाही, पण हे चार शब्द थेट त्यांच्या पायांना कळतात. समोरच्या टीमला ओ की ठो कळत नाही. 'सोड' म्हणजे मागे आपला माणूस आहे, बॉल जाऊ दे. मुराद वळूनसुद्धा बघत नाही. सोड ऐकलं की पाय उचललाच.

ही आयडिया मुळात माझी. इंग्लिशमध्ये ओरडू नको असं मीच हसनला म्हटलं होतं. म्हटलं असणार.

शुक्र. १९

बँकेच्या टीमशी दोस्तीची मॅच. ३-१ हरलो. सगळे बाबू लोक, पा.चं इंग्लिश त्यांना आमच्या पोरांपेक्षा छान समजत होतं. तो ओरडला की ते आधी पळायचे. फुकटात दोन कोच मिळाले त्यांना.

पा. नंतर म्हणतो, "सर, प्लेअर्सना टाइम लागेल. सिस्टिम नवीन आहे." सिस्टिम डोंबलाची.

प्रि. येऊन गेला. "खोत असता तर," एवढंच म्हणाला आणि वाक्य अर्धं सोडून गाडीत बसला. लोकांच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही असं नाही. टीम हसनची होती आणि मी फोटोपुरता. मुराद, सालेम, चहावाला, सगळे तेच बोलतात. तर मग या वर्षीचा कप हसनशिवाय आणतो. एकदा आणायचा. मग बघू कोण काय बोलतं.

शुक्र. ५ मार्च, अजमान

सेमी-फायनल. लॉरी वाटेत दोनदा रुतली. पा. खाली उतरून सगळ्यांना ढकलायचं शास्त्र समजावत होता. मुरादने एकट्याने खांदा लावला नि बाहेर काढली.

हाफटाइमला ०-१. पा.ला म्हटलं, शिटी खिशात ठेव नि गप बस. मग मी स्वतः लाइनवर उभा राहिलो. धर. मागे. सोड. पहिल्यांदा मुराद थबकला, आवाज ओळखीचा नव्हता ना. पण मग लागला. दोन गोल. खलास.

येताना पोरं लॉरीत गात होती. मला कुणी खांद्यावर घेतलं नाही, पण सालेमने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. आज फार बरं वाटतंय. खोटं कशाला लिहू.

मंगळ. १६

फायनल शुक्रवारी, शिपिंगवाल्यांशी. म्हणजे हसनशी.

प्रॅक्टिस संपल्यावर पा. आला. बूट आता वाळूच्याच रंगाचे झालेत. म्हणतो, "सर, एक बोलू का? फायनलला ते चार शब्द नको वापरायला. ते खोतसाहेबांचे आहेत, आणि खोतसाहेब समोरच्या साइडला असणार."

मी म्हटलं, "पारकर, ते शब्द कुणाच्या बापाचे नाहीत. मराठी आहे ती."

"तसं नाही सर, पण प्लेअर्स शब्द ऐकतात. कोण बोललं ते बघत नाहीत."

मी म्हटलं, तू फळा सांभाळ. बी.ए. झालेत आणि मला माझी टीम शिकवतात.

शुक्र. १९

हरलो. १-०.

लिहायचं नव्हतं, पण लिहून टाकतो. शेवटची दहा मिनिटं. बॉल उंच आला, आमच्या अर्ध्यात. मुराद बरोबर खाली. डोक्याने बाहेर घालवायचा, सोपा बॉल. आणि आवाज आला, "सोड रे!" मुरादने मान काढून घेतली, वळूनसुद्धा पाहिलं नाही. मागे आपलं कुणी नव्हतं. होता तो त्यांचा फॉरवर्ड. सालेम बिचारा एकटा.

मी ओरडलो नव्हतो. हसन ओरडला होता.

रेफरीकडे धावलो. इंग्रज. "व्हॉट डिड ही से?" म्हटलं, लीव्ह इट. "इन व्हॉट लँग्वेज?" मराठी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पत्ता चुकलोय. गोल कायम.

मुराद वाळूत बसून राहिला होता. मला म्हणाला, "मास्तर, आपने बोला ना, सोड?"

हो म्हटलं. मैंने बोला.

शनि. २०

हसन खोलीवर आला. एवढा निर्लज्जपणा. चहा दिला, कारण घरात आलेल्याला देतात.

म्हणाला, "मास्तर, अल्लाची कसम, मुद्दाम नाही. मुरादच्या डोक्यावर बॉल येताना दिसला आणि तोंडातून गेलं. चार वर्षांची सवय. आमचा फॉरवर्ड मागे आहे ते बघितलंच नाही. मला वाटलं मागे सालेम आहे. आपला सालेम."

आपला, म्हणे.

चोर आहे लेकाचा, असं म्हणावं म्हटलं तर चेहरा चोराचा नव्हता. कप जिंकलेला माणूस सुतकात बसल्यासारखा बसला होता. मुद्दाम केलं असतं तर मला झोप लागली असती. मुद्दाम नाही म्हणतो म्हणजे काय झालं? म्हणजे टीम अजून त्याचीच आहे, तो समोरच्या लाइनवर उभा असला तरी. मी अजमानला ओरडलो तेही त्याच्याच तोंडाने.

चहा अर्धा ठेवून गेला.

बुध. २४

पा.ला म्हटलं, तू बरोबर होतास. एवढं बोलायला चार दिवस लागले. वाटलं होतं फुशारून जाईल. नाही. म्हणाला, "सर, मी पण तीनदा चुकलोय. फळा तर पायावरच पाडला." त्याचा मला अजूनही राग येतो, फक्त आता कारण शोधावं लागतं.

शनि. २७

प्रि.ने केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे पडदा.

"खोत परत यायला तयार आहे. तिकडे कप दिला, पण करमत नाही म्हणतो. इन्शाल्ला पुढच्या महिन्यापासून. अट एकच. हेड कोच तो."

म्हटलं, आणि मी?

प्रि. कागदांत बघत होता. "पारकरला मी ऑफिसात घेतो. खोत म्हणाला, असिस्टंट मुकादम मास्तरच पाहिजेत. दुसरा कुणी चालणार नाही. खूप मानतो तो तुम्हांला."

दीड महिना हसनच्या जागी बसेल असा माणूस शोधत होतो. चार नावं दिली, पा.ची टर उडवली, बँकेच्या बाबूंपासून रेफरीपर्यंत सगळ्यांना इथे शिव्या घातल्या. स्वतःचं नाव त्या यादीत घालावं असं एकदाही डोक्यात आलं नाही.

नाही म्हटलं तर पोरं हसनकडे जातील आणि मी हिशेब शिकवीन. हो म्हटलं तर त्याच लाइनवर उभा राहीन, तो ओरडेल आणि मी पाण्याच्या बाटल्या मोजीन, जसा तो चार वर्षं मोजत होता. एक शब्द न बोलता मोजत होता. हे मला आज लिहिताना दिसतंय.

प्रि.ला उद्या पाचपर्यंत उत्तर हवंय. मुराद खाली भेटला, विचारत होता, मास्तर, कल आओगे ना? म्हटलं, देखते हैं. प्रॅक्टिस साडेचारला आहे.