भिंतीत हरवलेले अठरा व्होल्ट

बिबवेवाडी, पुणे
८ जानेवारी २०२४

ती. हिराआत्यास,
प्रियदर्शनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा असं तुम्ही म्हणता, म्हणून हे स्पीड पोस्ट. बाबांना नागपूरहून इथे आणलं तेव्हा वाटलं होतं, घरात ऑक्सिजनचं यंत्र लावलं की त्यांचा दम आटोक्यात राहील. राहतोही. पण बाथरूममधला गीझर लावला की यंत्र कोकलायला लागतं. व्होल्टेज कमी असल्याचा लाल दिवा लागतो, कधी यंत्र बंदच पडतं. बाबांच्या खोलीतल्या बोर्डाशेजारची भिंत हाताला कोमट लागते.

घरमालक रंगराव वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, की आमच्या भिंती इतकी वर्षं गप्प आहेत, बोलतंय ते तुमचं यंत्र. यंत्र तर दुकानदाराने तपासून ठीक ठरवलं आहे. मग मी तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानातून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आणला आणि सगळं बंद करून, नीट जपून, रंगरावांच्या समोर मोजलं. मेन स्विचपाशी २३० व्होल्ट, बाबांच्या खोलीतही २३०. रंगराव शीळ घालत जिना चढून गेले.

परवा दुपारी कामावरून जेवायला आले, तर यंत्र बंद आणि बाबांचे ओठ निळसर. बटण त्यांनी स्वतःच बंद केलं होतं. आपल्यापायी पोरीला मालकाशी रोज तोंड वाजवावं लागतं, असं म्हणाले. नागपूरला परत पाठव म्हणतात. मी पाठवणार नाही. तुम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंत. मी कुठे चुकले ते सांगा.

माया आहे तशीच ठेवा, आणि रागवायचं असेल तर सविस्तर रागवा.

तुमची
प्रियदर्शनी


नागपूर
१३ जानेवारी २०२४

चि. प्रियदर्शनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझ्या बापावर चिडले. लहानपणी अंगात ताप असला तरी आईला कळू द्यायचा नाही, अंगणात जाऊन बसायचा. सुखदेवला सांग, पुन्हा त्या बटणाला हात लावलास तर ताई पहिल्या गाडीने येईल आणि उशाशी बसेल.

आता तुझी चूक. सगळं बंद करून मोजलंस ना? मग दोन्हीकडे सारखेच व्होल्ट दिसणार. करंट वाहतच नसेल तर सडकी तारही चांगल्या तारेसारखी वागते. गीझर आणि यंत्र दोन्ही चालू असताना मोज. मेनपाशी किती आणि खोलीत किती, ते बघ. मधले जेवढे व्होल्ट कमी भरतील, त्यांना करंटच्या अँपिअरने भाग. तो झाला वाटेतला रोध, ओहममध्ये. तेच व्होल्ट अँपिअरने गुण. तेवढे वॅट तुमच्या भिंतीत नुसते तापण्यात जातात. एवढ्याशा घरात वाटेतला रोध अर्ध्या ओहमच्या पुढे जायला नको.

करंट मोजायला तारेला बाहेरून चिमटा लावायचा मीटर असतो. ते काम वायरमनकडून करून घे. बोर्ड तू उघडायचा नाही, शहाणपणा करशील तर माझ्याशी गाठ आहे. मोजून झालं की गीझर बंद, पाणी गॅसवर तापव. यंत्र तोवर स्वयंपाकघरातल्या प्लगवर लाव आणि नळी लांब घे. रंगरावांशी वाद घालू नकोस, फक्त मोजताना त्यांना शेजारी उभं कर.

उत्तराची वाट पाहते. जीवाला जप, आणि या म्हातारीला विसरू नकोस.

तुझी
हिराआत्या


बिबवेवाडी, पुणे
२४ जानेवारी २०२४

ती. हिराआत्यास,
सप्रेम जयभीम.

काल बद्रीनाथ वायरमनला बोलावलं. रंगरावही आले, हातात पेपर घेऊन. सगळं चालू केलं. मेनपाशी २२२, खोलीत २०४, करंट नऊ अँपिअर. रंगराव म्हणाले, मीटर स्वस्तातला असेल. बद्रीनाथने स्वतःचा मीटर लावला, आकडे तेच आले. अठरा भागिले नऊ, वाटेत दोन ओहम. हे मी बोलायच्या आधी बाबाच पलंगावरून बोलले. अठरा गुणिले नऊ, एकशे बासष्ट वॅट. छताचे दोन पंखे चालतील एवढी वीज एका भिंतीत जळत होती.

तरी रंगराव म्हणाले, की भाडेकरूच्या गणितावर भिंत फोडायची नसते. माझा आवाज चढणार होता, पण तुमचं पत्र आठवलं. मी एवढंच म्हटलं, की आज भिंत उघडेल, नाहीतर उद्या मी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी तक्रार देईन आणि तिसरं काही होणार नाही. आणि एकदा भिंतीला हात लावून बघा. त्यांनी तळवा टेकवला. बराच वेळ ठेवला. मग पेपर काखेत मारला आणि फोडा म्हणाले.

मेन बंद करून बद्रीनाथने प्लास्टर काढलं. आत तारेला कोणीतरी जोड देऊन नुसती टेप गुंडाळलेली. टेप वितळलेली, तांबं काळं पडलेलं, पाइप करपलेला. बाबांच्या उशीपासून हातभर अंतरावर!

सबंध तार नवी ओढली. आता तेवढ्याच करंटला वाटेत तीनच व्होल्ट जातात, म्हणजे ओहमचा तिसरा हिस्सा. गीझर चालू असतानाही यंत्र न कोकलता चालतं. रंगरावांनी जाताना माझ्याकडे न बघता विचारलं, की रविवारी मीटर घेऊन वर येशील का, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे प्रेमलाकाकूंच्या स्वयंपाकघरातही कधीकधी करपल्याचा वास येतो. मी हो म्हटलं.

पत्राच्या खालची जागा बाबांनी मागून घेतली आहे. तुमचा हात आमच्या डोक्यावर असाच राहू द्या.

तुमची
प्रियदर्शनी

ताई, जयभीम. नागपूरला परत येण्याचं मी डोक्यातून काढलं आहे. मी गेलो तर पोरीची कटकट मिटेल, असं वाटायचं. काल ती मालकासमोर उभी राहिली, आवाज न चढवता, आणि मी पलंगावर उठून बसलो. माझा श्वास चालू राहावा, असं मला स्वतःला पुष्कळ दिवसांनी वाटलं. थंडी सरली की तूच इकडे ये. — सुखदेव