दत्तूनं उडवलेला तुकडा

मंगळवार, सांजचं. रामनगर.

आमच्या वजनकाट्याच्या सी भाषेतल्या प्रोग्रामातला बिनकामाचा कोड, म्हंजे कचरा, हापिसातल्या दत्तूनं साफ केला. तपासायला आमच्या सायबांनी, अण्णांनी, माझ्याकडं दिला. बघतोय तर गड्यानं जुन्या विंडोजसाठी लागणारा कोडचा तुकडाच उडवलाय! याच्या लॅपटॉपात लिनक्स, तिथं झकास चालतंय. पण गुंद गावच्या भातगिरणीत जुनं विंडोजच हाय. तुकडा न्हाई तर काट्याचं वजन कंप्युटरवर येणारच न्हाई.

"कसं वाटलं रे, बारक्या?" दत्तू मला इचारतोय.

"एक नंबर. बिनधास्त बसव जा."

उद्या बसवणार. गिरणीचा मालक त्याचा होणारा सासरा. काम जमलं तर लगीन पक्कं. पोरगीबी असणार तिथं, चा घेऊन. मला न्हाई म्हणाली हुती तीच. हसून हसून पोट दुखलं माझं.

जाताना म्हणतोय, "तूबी चल की. तू बघितलंस म्हणून धीर हाय."

एवढा इश्वास कशाला ठेवतोय हा? सांगू का आत्ताच?

न्हाई. तो तुकडा पेनड्राइव्हात घालून खिशात ठेवलाय. जातो संगं. पयला त्याला घाम फुटू दे, सगळ्यांसमोर. मग खिशात हात घालायचा का न्हाई, ते तिच्या तोंडाकडं बघून ठरवीन.