अंबरीश म्हणाला, झालं

देवास, चंपाषष्ठीचा दुसरा दिवस

चि. देवश्रीस,
आजीचा आशीर्वाद आणि एक पापी. इकडे सगळे खुशाल. तात्या मोहनखेड्याला निघालेत, वाटेत धारला उतरून हे तुझ्याच हातात देतील. फोनवर नाही बोलले, तुझी आई स्पीकर लावते आणि इकडे शेजारची विनोदिनी भिंतीला कान लावून असते. अक्षर मोठं काढलंय. अडलं तर पुन्हा वाच, बाबांना विचारू नकोस.

अगं, तुझं काम मला कळलं! कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय. कुळधर्माला मी सोवळ्यात असते ना, तेव्हा विनोदिनी मागच्या दाराने येऊन तूप थेट फळीवर ठेवते. मला हाक नाही, शिवाशिव नाही. तशीच तू कॉम्प्युटरच्या आठवणीतली, मेमरी म्हणतेस ना, तिच्यातली काही पानं जागेवर खिळवून ठेवतेस, किल्ली तुझ्या ऑफिसातल्या अंबरीशला देतेस, आणि त्याचं मशीन तुझ्या मशीनला न विचारता तिथे लिहून जातं. त्याने ‘झालं’ म्हटलं की किल्ली परत घ्यायची, मगच त्या जागी दुसरं मांडायचं. बरोबर ना? आणि घोळ झाला त्या दिवशी तोच म्हणाला होता, किल्ली माझ्याकडेच राहू दे, सकाळी लागेल.

काल आला होता तो. पेरू घेऊन. वाकून नमस्कार केलान. पोहे दिले, वर शेव, जिरावन मसाला. खाल्लेन चांगले, पण नजर बशीत नव्हती.

“आजी, देवश्री सोमवारच्या मीटिंगचं काही बोलली का?”

“सोमवारी काय आहे?” मी आपली भोळी.

“काही नाही, ऐसे ही.”

ऐसे ही विचारायला कुणी इंदूरहून देवासला येतं का गं? मी पेरू कापत म्हटलं, “काय रे भिया, तिच्या पानांवर भलतंच कसं लिहिलं गेलं?”

तर पटकन म्हणतो, “मी ‘झालं’ बोललो, पर थोडं बाकी होतं. वाटलं, ती इतक्यात जागा दुसऱ्या कामाला नाही घेणार.” मग जीभ चावली. “तिला नका सांगू हं, आजी.”

आणि तू रडत सांगत होतीस, सगळ्यांसमोर तो म्हणाला, मी ‘झालं’ म्हटलंच नव्हतं. चूक सगळी तुझ्या माथी, सोमवारी तुलाच कामावरून काढणार.

आता एक लिहू की नको? लिहिते. मी त्याला नातजावईच समजत होते. शालूचा रंगसुद्धा मनात ठरवला होता. म्हणून काल लगेच कळवलं नाही. वाटलं, पोरगं घाबरलं असेल, झाकावं. पण जाताना दारात पुन्हा म्हणाला, “नक्की नाही ना सांगणार?” तेव्हा मनातला शालू मीच घडी करून ठेवला.

शनिवारी परत येणार आहे. तू शुक्रवारीच ये. माझ्यासमोर विचार त्याला. नाही म्हणाला, तर सोमवारी तुझ्या साहेबांना मी फोन करीन. हिंदी माझी फाटकी आहे, आवाज नाही. आणि हे वाचल्यावर आधी ती किल्ली परत घे.

जे ऐकलं ते चारचौघांत सांगणारी,
तुझी आजी