दारातली हिरवळ

२५ मे, रविवार

चौथा नकार!

फोन आनंदरावमामांचा. आईचे थोरले भाऊ. माझं लग्न जमवायचा मक्ता त्यांच्याकडे. "पोरगीला घराचं तोंडच आवाडलं न्हाई," म्हणाले. खोटं नाही ते. डाव्या हाताला उकिरडा, उजव्या हाताला शेळ्यांचा गोठा, मधून दाराकडे वाट. तिनं ओढणी नाकाला लावली ती काढलीच नाही. चहाला उकळी यायच्या आत गाडीत जाऊन बसली होती.

भात आणि सतरा शेळ्या. दोन्हींवर आमचं नीट चालतं. पण बायोडाटात लिहिलं की माणसं पान उलटतात. मला चौतिसावं लागलंय. राग येतो. कुणाचा ते कळत नाही.

२८ मे

मामा स्वतः आले. भोंगवलीचं स्थळ आहे. मुलगी सोनिया, शेतकऱ्याचीच. २९ जूनला घर बघायला येणार. महिनाच आहे हातात!

मामा फाटकात उभे राहून बोट दाखवत गेले. उकिरडा मागं. गोठा पाडायचा. भिंतीला रंग. आणि गोठ्याच्या जागी लॉन. "पुण्यातल्या बंगल्यावानी दिसलं पायजे. मानूस आदी दार बगतंय, मंग मानूस."

आप्पा ओट्यावर सुपारी कातरत होते. वडील असून एक शब्द नाही. आप्पा गप्प बसले की मला जास्त भीती वाटते.

१ जून

गोठा पाडला. शेळ्या वरच्या वाडीत कोंडिबाकाकांकडे पोचवल्या. सतराच्या सतरा मागं वळून ओरडत होत्या. मी पुढं बघून चाललो.

संध्याकाळी मामांनी फोनवर सहज सांगितलं — "शेळ्या इकल्या, असं म्या तिकडं सांगितलंय." मी म्हटलं, का? तर म्हणाले, "मंग काय, पाचव्यांदा न्हाई ऐकायचंय व्हय तुला?"

फोन ठेवला. खोटं बोलायला नको होतं. पण "खरं सांगा" असंही माझ्या तोंडून निघालं नाही.

५ जून

नर्सरीतून टेम्पोनं लॉन आणलं. चटईसारख्या गुंडाळ्या. गोठ्याच्या जागेवर अंथरलं, पाणी मारलं. भिंत पिस्ता रंगाची झाली. खरं सांगू? छान दिसतंय. आई तीनदा फाटकाबाहेर जाऊन आत बघून आली.

७ जून

सगळं संपलं.

फाटकासाठी रंगाचा डबा आणायला वेल्ह्याला गेलो होतो. एसटी चुकली, यायला संध्याकाळ झाली. कोंडिबाकाकांनी शेळ्या डोंगराला चरायला सोडलेल्या. माघारी फिरताना त्या काकांकडे गेल्याच नाहीत! थेट आपल्या दारात. इतक्या वर्षांची वाट, त्यांना काय माहीत घर बदललंय? आई मागं सरपण भरत होती. फाटकात पोचलो तेव्हा सतराजणी ओळीनं बसून रवंथ करत होत्या. लॉनच्या जागी माती आणि गुंडाळ्यांखालची फाटलेली जाळी.

आई रडायला लागली. मी एकीलाही मारलं नाही. हात उचलला होता.

८ जून

सकाळी आप्पा भाताचं बी घेऊन बाहेर आले. इंद्रायणी, मोड आणलेलं. कधी भिजत घातलं देव जाणे.

"हिरवंच पायजे ना तुमाला?"

गोठ्याची जागा कुदळली, वाफा केला, बी टाकलं. भाताचा तरवा, म्हणजे लावणीआधीची रोपं, दाट आला की लॉनच दिसतो, एवढं मला सुचायला हवं होतं! त्यातून ही जमीन. वर्षानुवर्षं लेंड्या मुरलेल्या. बारा दिवसांत आप्पा माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते.

१५ जून

उगवलं!! बोटभर झालंय.

२४ जून

भांडण. शेतातला तरवा पावसानं वाहून गेला. आता रोपं आहेत ती फक्त दारात. आप्पा म्हणतात, परवा उपटायची, लावणीला भाताची खाचरं तयार आहेत. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा. "रोप तुज्या पावन्यांसाटी थांबत न्हाई, सोमनाथ." बरोबर आहे त्यांचं. तरी मी हात जोडले. थांबले. माझ्यासाठी त्यांनी हे पीक टांगणीला लावलंय.

२९ जून, रविवार

आले. मुलगी, वडील मानसिंगराव आणि मामा. वडील फाटकातच म्हणाले, "वा! काय हिरवळ हाय." मामांची छाती फुगली.

ती वाफ्याकडे गेली. वाकली. एक रोप उपटून मूळ बघितलं. मग बोटांत माती चुरडली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"ह्यो तर तरवा हाय. लेंडीखताबिगर असा येत न्हाई. शेळ्या कुठं हायेत?"

मामा घाईनं म्हणाले, "इकल्या की!"

ती मामांकडे बघेना. माझ्याकडेच बघत होती.

"सतरा आहेत. वरच्या वाडीत लपवल्यात," मी म्हणालो. "आधी इथं लॉन होतं. तेही त्यांनीच खाल्लं."

तिचा ओठ हलल्यासारखा वाटला. मानसिंगराव मात्र ओट्यावरून उठले. "आजून काय काय लपवलंय?" आईनं पोह्यांच्या बशा भरल्या होत्या. कुणी हात लावला नाही. फाटकातून जाताना मामा माझ्या कानात म्हणाले, "आता ऱ्हा तसाच!"

आप्पांनी फक्त एवढंच विचारलं — "उद्या उपटायचं का?"

३० जून

उपटलं. दारात नुसता चिखल. शेळ्या परत आणल्या. मामा फोन उचलत नाहीत.

३ जुलै

लावणी चालू. दुपारी भाकरीला घरी आलो, गुडघ्यापर्यंत चिखल. फाटकात सोनिया! सोबत तिची आई. एसटीनं आलेल्या, मामांना न सांगता. शेळ्या वाटेतच बसलेल्या, त्यांच्यामधून वाट काढत दोघी ओट्यापर्यंत आल्या. नाकाला पदर नाही.

"त्या दिवशी घर बगायचं ऱ्हायलं," ती म्हणाली. मग खाचरांकडे बघून — "लावनीला मानसं कमी दिसत्यात तुमच्यात."

आणि चपला काढल्या.