ते वाट बघताहेत

उल्हासनगर, कॅम्प २
५ ऑगस्ट २०२५

ती. मालिनीआत्यास,
अनुयाचा सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तू एवढी आलीस आणि मी ऑफिसात नव्हते, याची चुटपुट लागून राहिली आहे. अगं, ऑफिस कसलं! जीन्सच्या दुकानावरची एक खोली, तिच्यात सहा जणांची टेबलं, आणि त्यातलं एक टेबल अर्धं माझं. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिथे भावनाताईंचं वधूवर सूचक मंडळ भरतं. उरलेले दिवस मी लोकांची मृत्युपत्रं करते. बोर्डही एकच आहे. वर 'इच्छापत्र करून मिळेल', खाली 'अनुरूप स्थळे'. मृत्युपत्र म्हटलं की लोक जिन्यावरूनच परत जातात, म्हणून इच्छापत्र. परवा एक सिंधी काका आले. मी आपलं मृदू आवाजात विचारलं, की तुमच्यानंतर घरात कोण कोण आहे. ते भडकलेच, की बेटीच्या शादीचं विचारायला आलोय, मला कशाला मारतेस.

एकमेकींच्या गिऱ्हाइकांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा माझा नि भावनाताईंचा करार आहे. त्या एवढंच म्हणाल्या, की तुझी आत्या येऊन गेली, तिचं काम मार्गी लागेल, आणि नारळाच्या वड्या ठेवल्यात. वड्या संपल्या. घराच्या इच्छापत्राचं मात्र मला नीट लिहून कळव. फोनवर तुझ्या कानातलं मशीन शिट्या मारतं आणि मी 'घर' म्हटलं की तुला 'ज्वर' ऐकू येतं.

लोभाची वाटणी करू नये, सगळा मलाच द्यावा.

तुझी,
अनुया

शिरगाव, बदलापूर
११ ऑगस्ट

चि. अनुयास,
मालिनीआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्याच ऑफिसात सगळं झालं, त्यामुळे तुला ठाऊक असणारच. पुन्हा लिहायला मला संकोच वाटतो. तरी वकिलीणबाईंचा हुकूम आहे तर लिहिते. मी आता निघायचं ठरवलं आहे. माझ्या माघारी हे घर नूतनकडे राहावं. सासर सोडून आल्यापासून पोरगी मान खाली घालून वावरते. हक्काचं छप्पर असलं की मान वर होईल.

आधी फार भीती वाटली. रात्र रात्र झोप नव्हती. पण ते वाट बघताहेत, तिकडची सगळी तयारी करून बसलेत, म्हटल्यावर आता मन शांत आहे. सरकारी नियमाने महिनाभर थांबावं लागतं म्हणे. साक्षीला तीन माणसं लागतात, तेवढी तू बघ. बरोबर फारसं काही न्यायचं नाही. चार साड्या आणि पुरणयंत्र.

तुझं मत मात्र कळव. तुझे बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तूच.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मालिनीआत्या

उल्हासनगर, कॅम्प ५
१४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं आणि चारही वेळा रडले. धावत आले असते, पण ऑफिसच्या जिन्यावरून घसरले आणि पाय प्लास्टरात आहे, घरीच पडून आहे. कुठल्या डॉक्टरांनी महिना सांगितला? सरकारी नियम कसला त्यात? काका जाऊन अकरा वर्षं झाली. ते वाट बघताहेत असं तुला स्वप्नात दिसतं का? आणि वर पुरणयंत्र कशाला लागणार आहे, मला काही म्हणजे काही कळत नाही.

नूतनला फोन केला तर ती हसली! आई निघालीय म्हटलं, तर म्हणते, हो ना, आम्हाला किती आनंद झालाय. मी फोनच ठेवला. माणसं घरासाठी इतकी बदलतात, हे मी रोज टेबलापलीकडे पाहते, पण आपली नूतन?

कामाचं तेवढं लिहिते. साक्षीदार दोन पुरतात, तीन कोणी सांगितले? ज्याला काही मिळणार आहे तो शक्यतो नको. आणि तुझं मन ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला घे. उद्या कोणी शंका काढायला नको.

आत्या, इतक्यात जाऊ नकोस गं. मला अजून पुरण वाटतासुद्धा येत नाही.

जीव लावलास, तो असा मध्येच काढून घेऊ नकोस.

तुझी,
अनुया

शिरगाव
१७ ऑगस्ट

चि. अनुयास,
अनेक आशीर्वाद.

दाखल्याचं वाचून आधी राग आला. म्हटलं, मी बासष्टीची काय झाले, हिला आपली आत्या वेडी वाटायला लागली. मग नूतनने पत्र मोठ्याने वाचलं आणि आमच्या दोघींच्या डोक्यात प्रकाश पडला. अगं वेडाबाई, मी मरत नाहीये. अंबरनाथला चाललेय!

त्या दिवशी मी खरंच घराचा कागद करायला आले होते. तू नव्हतीस. मी भावनाताईंना म्हटलं, इच्छापत्र करायचंय. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, की बोला, काय इच्छा आहे तुमची. मला वाटलं, तुझ्या वकिलीची सुरुवात अशीच होत असेल. आणि अनुया, माझ्या तोंडून घर निघालंच नाही. तुझे काका गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात, की गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे. मी म्हणून गेले, की संध्याकाळी बोलायला कोणीतरी असावं. आणि रडायलाच लागले.

मग भावनाताईंनी जे स्थळ काढलं, ते हे चिंतामणी. अंबरनाथला कारखान्यात अधिकारी होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा उजवा कान अधू, माझा डावा. ते माझ्या उजवीकडे बसले की दोघांना सगळं ऐकू येतं. त्यांना पुरणपोळी आवडते आणि त्यांच्याकडे पुरणयंत्र नाही. महिन्याची नोटीस आणि तीन साक्षीदार लग्नाला लागतात. तुझ्या मृत्युपत्राला नव्हे.

'ते'वरून तुझा गोंधळ झाला, त्यात तुझी चूक नाही. मी जन्मभर एकाच माणसाला 'ते' म्हटलं. परवा चिंतामणी म्हणाले, की पहिल्यांना 'ते'च राहू द्या, मला नावाने हाक मारा. माझी तर जीभच वळेना.

आता खरं विचारते. तुला हे पटत नसेल तर सांग. माहेरचं एकही माणूस नसताना मी तिथे उभी राहणार नाही. त्यांना 'नाही' कळवून टाकेन, आणि तुला दोष देणार नाही.

लोभ उरला असेल तर लगेच लिही.

तुझी,
मालिनीआत्या

उल्हासनगर
२० ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी नूतनची माफी मागितली. दुसरी साक्षीदार ती आहे, तिसऱ्या भावनाताई. पहिली मी. प्लास्टर निघो न निघो, तुझ्या माहेरचं माणूस कुबड्या घेऊन येईल. नूतनच्या घराचा कागदही मीच करणार, पण तुझ्या हयातीतला, बक्षीसपत्राचा. तुझ्या माघारीची वाट कशाला बघायची?

एकच कायदेशीर अडचण आहे. तिथे अधिकारी नवऱ्याचं नाव विचारतात. 'ते' म्हणून भागणार नाही.

सासरी गेलीस तरी माझा वाटा राखून ठेव.

तुझी,
अनुया

शिरगाव
२० ऑगस्ट

चि. अनुयास,
खूप खूप आशीर्वाद.

आज देवघरासमोर उभी राहून सराव केला. आधी तुझ्या काकांच्या फोटोला सांगितलं, मग म्हटलं. चिंतामणी. मोठ्याने म्हटलं, मला ऐकू आलं.

तुझी,
आत्या