नदीकाठानं पळताना

रविवार, संध्याकाळ

आज शहरातल्या छावणी भागातला नेहमीचा रस्ता सोडला आणि करमाडजवळ आमच्या गावी नदीकाठानं पळाले. वाट फार सुरेख आहे. दोन्हीकडं टेकड्या, खाली पाणी, काठानं हरभरा. पण डोळ्यांपुढून जात नाही ते काकूच्या हातून पडलेलं खुरपं.

काका आजारी, शहरात दवाखान्यात भरती. आणि मी शहरातून आलेली, तिच्या बांधाकडं पळत सुटलेली. आमच्याकडं वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत, माणूस धाडतात. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पायात बूट चढले की डोकं घरी राहतं माझं.

खुरपं पडलं आणि काकू मटकन खाली बसली.

"कवा गेले गं तुझे काका?"

"अगं काकू, बरे हायेत ते! मी नुसती पळतेय."

"नुसती?" तिनं पदरानं डोळे पुसले. "पळ बाई, पण लांबून हसत येत जा. म्हंजी कळंल."

परतीला दम लागला होता, तरी तिच्या बांधाजवळ दात दाखवतच आले. खुरपं तिथंच मातीत पडलेलं. काकू पार लांब, फाट्याच्या वाटेला. काकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला शहराची गाडी धरायला निघालेली.